नाव ठेवा, नावं ठेवू नका

मंडळी, आज आमच्या धंद्यातलं एक जुनं रडगाणं. मायएसक्यूएल वापरणारा माणूस कधी ना कधी १२४८ नंबरच्या एररच्या नावाने बोटं मोडतोच. "एव्हरी डिराइव्ह्ड टेबल मस्ट हॅव इट्स ओन एलियस." म्हणजे, फ्रॉमच्या पुढे कंसात दुसरी क्वेरी लिहिलीत, की तिच्यातून तयार होणाऱ्या तात्पुरत्या टेबलाला एक नाव द्या. (घरच्या वाचकांसाठी: एलियस म्हणजे टोपणनाव. आपला बंड्या, तसं.)

यावर ठरलेला तोडगा काय? कंसापुढे एक 'टी' चिकटवायचा. एरर गेली, पोरगं खूश, साहेब खूश. माझं भांडण आहे ते या 'टी'शी.

लोक मला ऐकवतात, ओरॅकल तर असं नाव मागतच नाही, आणि पोस्टग्रेसनेही २०२३ साली आलेल्या १६व्या आवृत्तीपासून ही अट काढून टाकली. खरं आहे. जे नाव पुढे कुठे वापरायचंच नाही ते सक्तीने मागण्यात अर्थ नाही, हेही मान्य. पण त्यावरून 'एलियस म्हणजे नुसता सोपस्कार' असं जे ठरवून टाकतात, ते घात करतात. ओरडणारी चूक बिचारी निरुपद्रवी असते. न ओरडणारी बघा.

समजा, एका वाचनालयाचं 'सभासद' हे टेबल आहे आणि त्यात 'सभासद_क्र' हा कॉलम. 'सोडून_गेलेले' हे दुसरं टेबल, पण त्यात तोच नंबर नुसत्या 'क्र' या नावाने ठेवलाय. आता कोणी लिहिलं:

डिलीट फ्रॉम सभासद व्हेअर सभासद_क्र इन (सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम सोडून_गेलेले)

आतल्या टेबलात 'सभासद_क्र' नाहीच. मग एरर येईल ना? नाही येत! माजघरात अण्णा नसले की हाक ओटीवर जाते आणि ओटीवरचे अण्णा 'ओ' देतात, तसा डेटाबेस बाहेरच्या टेबलातला 'सभासद_क्र' उचलतो. प्रत्येक सभासदाचा नंबर स्वतःशीच ताडला जातो आणि अर्थातच जुळतो. सोडून गेलेल्यांच्या टेबलात एक जरी ओळ असली, तरी सगळे सभासद साफ. आणि हा काही बग नाही. नाव आधी आत शोधायचं, नाही सापडलं तर बाहेर, हा एसक्यूएलचा नियमच आहे. वर नावं घेतली ते तिन्ही डेटाबेस असेच वागतात.

आतल्या टेबलाला 'गेलेले' असं नाव देऊन 'गेलेले.सभासद_क्र' लिहिलं असतं, तर डेटाबेसने तिथल्या तिथे हटकलं असतं: असा कॉलम नाही. म्हणजे नुसतं नाव देऊन भागत नाही, ते प्रत्येक कॉलमच्या आधी लावायला हवं. आणि ते 'टी१, टी२, टी३' असं नको. सहा महिन्यांनी ती क्वेरी दुसराच कोणी वाचणार असतो, त्याला टी२ म्हणजे कोण हे कसं कळावं?

एक साधी सवय सांगतो. डिलीट चालवण्याआधी कंसातली क्वेरी एकटी चालवून बघा. वरचं उदाहरण तिथेच उघडं पडतं, कारण एकटीला बाहेरून उसनं घ्यायला कोणी नसतं.

असो. 'टी'चे समर्थक असाल तर जरूर भांडा, मी तयार आहे. :)