विमा एक, कर अनेक

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच संध्याकाळी मी घरातल्या दोन विम्यांचे नूतनीकरण केले. एक अब्बूंचा आरोग्य विमा, दुसरा मामूंच्या रिक्षाचा. अब्बूंच्या पावतीवर जीएसटीच्या रकान्यात शून्य होते. आदल्या वर्षी तिथे पाच हजारांवर आकडा होता. मामूंच्या पावतीवर मात्र नेहमीचेच १८ टक्के. मामू म्हणाले, “टीव्हीवर तर विम्यावरचा टॅक्स माफ झाला म्हणाले. मग आमचा का नाही?”

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. कोणत्या अटीला कोणता नियम लागतो, हे तपासणे रोजचेच काम. म्हणून मामूंचा प्रश्न घेऊन बसलो.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा विमा १८ टक्क्यांत गेला. तो हटवावा, अशी मागणी होत राहिली. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरी यांनीही अर्थमंत्र्यांना तसे पत्र लिहिले. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच.

पण सूट ‘वैयक्तिक’ या शब्दापाशी थांबते. कंपनी, संस्था किंवा संघटनेने सभासदांसाठी घेतलेल्या सामूहिक आरोग्य विम्यावर १८ टक्के कायम आहेत. दुकानाच्या आगीच्या विम्यावरही तेवढेच. जीएसटी नोंदणी असलेला मोठा व्यापारी हा कर आपल्या देण्यातून वळता करू शकतो. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराला ती सोय नाही. त्याच्या खिशातून गेले ते गेले. पीक विमा आणि दोन लाखांपर्यंतचा सूक्ष्म जीवन विमा आधीपासून करमुक्त आहे, हे नोंदवायला हवे.

आता मामूंची रिक्षा. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. तो विमा अपघातात सापडलेल्या दुसऱ्या माणसासाठी असतो. मालवाहू वाहनांच्या याच विम्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. प्रवासी रिक्षाला मात्र १८. जे सरकारच सक्तीने घ्यायला लावते, त्यावर इतका कर कशासाठी?

ज्याला स्वतःची पॉलिसी परवडते, त्याला सूट मिळाली. जो संघटनेच्या आधाराने विमा घेतो किंवा कायद्याने घ्यावाच लागतो म्हणून घेतो, तो कर भरतोच आहे. असंघटित कामगारांच्या सामूहिक आरोग्य विम्याला सूट द्यावी आणि प्रवासी रिक्षाला मालवाहू वाहनाचा दर लावावा, अशी मागणी रिक्षा संघटना, बचत गट आणि आपल्यासारख्या चळवळींनी जीएसटी परिषदेतील राज्याच्या प्रतिनिधीकडे लेखी करायला हवी.

वाचकांना एक विनंती. नूतनीकरणाच्या वेळी केवळ एकूण रक्कम पाहू नका, मूळ हप्ता वेगळा तपासा. करमाफीनंतर विमा कंपन्यांना स्वतःच्या बहुतेक खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ते ओझे हप्त्यात मिसळले जाऊ शकते. हप्ता वाढला असेल, तर कारण लेखी मागा.

मामूंना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे अर्ज करायचा. लिही, सही मी करतो.” अर्ज लिहून तयार आहे. आता सह्या हव्यात.