पडद्यावरचा मुका आरोपी

गुन्हेगारीवरील वास्तववादी चित्रपट समाजाचीच उलटतपासणी करतो, असे म्हटले जाते. परंतु त्या तपासणीत कोणाची जबानी घ्यायची आणि कोणाला केवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, हे ठरविणारे हात आजही मोजकेच आहेत.

या प्रश्नाची धार आमच्या सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्याकडे पाहिले म्हणजे कळते. काळी नदीवरील धरणाने येथील जुने सुपे गिळले. उरलेल्या रानाचा मोठा भाग व्याघ्र प्रकल्पात गेला. कुणबी व सिद्दी यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रानावरचा निर्वाह वनकायद्याच्या भाषेत गुन्हा ठरू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय मान्य केला खरा. पण अनुसूचित जमातींत ज्याची नोंद नाही, त्याला तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. गोव्यातील कुणब्यांना २००३ साली जमातीचा दर्जा मिळाला. जोयड्याचा कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षे करीत आला आहे. गुन्हा कोठे संपतो आणि अन्याय कोठे सुरू होतो, असा प्रश्न विचारणाऱ्या चित्रपटाला याहून सकस विषय कोणता?

असा चित्रपट यापूर्वी झाला नाही असे नाही. गोविंद निहलानी यांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘आक्रोश’ (१९८०) आजही अस्वस्थ करतो. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू खटलाभर तोंड उघडत नाही; ते मौन हीच त्याची फिर्याद. त्याच्याविरुद्ध उभा असलेला सरकारी वकील दुसाणे हाही आदिवासीच. व्यवस्थेने आपल्यातील एकाला खुर्ची दिली म्हणजे सर्वांना वाचा मिळते असे नव्हे, हे या कृतीने तेव्हाच बजावले. तरीही लहान्या झाले ओम पुरी, नागी झाल्या स्मिता पाटील. दोघांचा अभिनय अव्वल. परंतु आदिवासींचे मौनदेखील इतरांनीच साकारावे, ही त्या काळची मर्यादा. ४१ वर्षांनी आलेल्या ‘जय भीम’मध्येही इरुळर दांपत्याच्या प्रमुख भूमिका त्या समाजाबाहेरच्या कलावंतांकडेच गेल्या.

अशी माणसे मिळत नाहीत, ही सबब आता टिकत नाही. जयन चेरियन यांच्या ‘रिदम ऑफ दम्माम’मध्ये उत्तर कन्नडमधील सिद्दींनीच भूमिका केल्या, कोंकणी व कन्नड बोलत केल्या, २०२४ साली तो पणजीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला. पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातूनच या रानात पळाले, असे मानले जाते. तेव्हा हा गुन्हा आमच्याही इतिहासातला आहे.

वंचिताची भूमिका वंचितानेच करावी, असा दंडक आम्ही घालू इच्छित नाही. तसे केल्यास अभिनयकलाच निकालात निघेल. मागणी एवढीच, की पटकथा लिहिताना, भाषा ठरविताना, पात्रे निवडताना त्या समाजाला हक्काची जागा मिळावी. महोत्सवासाठी तिजोरी मोकळी करणाऱ्या शासनाने सीमाभागातील अशा तरुणांच्या प्रशिक्षणासाठी थोडा वाटा राखून ठेवावा. ज्याच्यावरचा आरोप पडदाभर दिसतो, त्याची जबानीही त्याच्याच बोलीत ऐकू आली पाहिजे. तोवर पडद्यावरील न्यायालयाचा निकाल एकतर्फीच राहणार.