वर्षावास संपला, आता वस्तीने चालायला निघावे

आपल्या वस्तीत चालणे ही गरिबीची खूण समजली जाते. रिक्षाला पैसे नसले की माणूस चालतो, आणि चार पैसे हाताशी आले की आधी चालणे सुटते. कर्जत-खालापूरच्या वाड्या-वस्त्यांतही आता हेच दिसते. आईबाप कोसभर चालून बाजाराला जात. आज मुलगा कंपनीच्या बसने कामाला जातो, सून रिक्षाने स्टेशन गाठते. त्यात वाईट काही नाही, कष्टाने मिळवलेली सोय आहे ती. पण पाय थांबले आणि साखर, रक्तदाब, गुडघेदुखी घराघरांत शिरली, याचाही विचार करायला हवा.

म्हणून या पानावरून एक सूचना करावीशी वाटते. वर्षावास संपला की प्रत्येक विहाराने महिन्यातून एक रविवार ठरवावा आणि लहानथोर, बायाबापड्या अशा साऱ्या वस्तीला घेऊन डोंगरात दिवसभराच्या चालीला जावे. कार्तिक पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत असे चार रविवार सहज मिळतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : "दिवसभर राबतो, अजून वेगळे काय चालायचे?" तो खोटा नाही. पण मशीनपाशी आठ तास उभे राहणे किंवा चार घरची धुणीभांडी करणे यात अंग झिजते. श्वास वाढेल अशी सलग चाल त्यात असतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग पुरे. महिन्यातून एकदा डोंगर चढून ही गरज भागणार नाही, हे खरे. पण पुढच्या महिन्यात लेण्यापर्यंत जायचे आहे म्हटले की त्या ओढीने रोजची चाल सुरू होते. डोंगर ही परीक्षा, रोजचा अर्धा तास हा अभ्यास.

दुसरा आक्षेप घरातल्या बायांचा. संध्याकाळी एकटी बाई चालायला निघाली तर चार जण विचारतात, कुठे निघालीस. महिला मंडळाच्या दहा जणी एकत्र निघाल्या तर कुणी विचारत नाही. समूहाने चालण्याचा खरा फायदा इथे आहे.

चालणे आपल्याला परकेही नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास सोसण्याची ताकद येते, परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि मिळवलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी निदान तीन लाभ आजचे डॉक्टरही तोंडभरून सांगतील. आणि २० मार्च १९२७ रोजी याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यापर्यंत चालतच गेली होती.

जायचे कुठे, हा प्रश्न तर आपल्याला पडूच नये. राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले चैत्यगृह आणि विहार तिथे आहेत. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असे तिथल्या ब्राह्मी लेखात कोरलेले आहे. खोपोलीहून लोकलने कर्जत, तिथून रिक्षाने कोंदिवडे, आणि पुढे जंगलातून साधारण तासाभराची चढण. मुंबई-पुण्याची पोरे दर शनिवार-रविवारी तिथे येतात आणि आपण पायथ्याला राहून ती लेणी पाहिलेली नसतात. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी कोथळीगडाच्या पायथ्याचे आंबिवली लेणे पाहावे. ते गावापासून जवळ, नदीकाठच्या ठेंगण्या टेकडीत आहे. लेण्यापासून पुढे राजमाची गाठण्याचा मोह मात्र पहिल्या वर्षी टाळावा. ती काही तासांची उभी चढण आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तरुण मुलांना डोंगर आठवतो तो पावसाळ्यात, धबधब्यासाठी. या बाबतीत आपण ठाम राहिले पाहिजे : पावसात जायचे नाही. निसरडा कातळ, अचानक फुगणारा ओढा आणि वरून सुटणारे दगड यांपुढे पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, तरी घरातला मुलगा परत न आल्याची बातमी येतेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, कितीतरी माणसे मिळालीच नाहीत. ती माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या डोंगर ओळखणारी होती. पावसात भिक्खू फिरले तर हिरवळ आणि बारीक जीव तुडवले जातात, म्हणून तथागतांनी वर्षावासाचा नियम घातला. तो नियम आज आपल्या मुलांचा जीवही वाचवील. आषाढ ते आश्विन विहारात ग्रंथवाचन, आणि चाल त्यानंतर, असा क्रम प्रत्येक घराने पाळावा.

निघण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या कराव्यात. चपलेवर कुणाला नेऊ नये, साधे कॅनव्हासचे बूट चालतील. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे एवढी शिदोरी पुरते. घाम फार गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, उपाशी निघू नये, खिशात साखर ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय नीट तपासावेत, कारण जखम झाली तरी त्यांना कळत नाही. ज्यांच्या छातीत चालताना दुखते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चढूच नये. वाटेत कुणाच्या छातीवर दाब आला, थंड घाम सुटला, तर तिथेच बसवून १०८ ला फोन करावा. रेंज नसेल तर दोघांनी खाली गावात धावावे.

साप चावला तर कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. पाय किंवा हात हलू न देता माणसाला उचलून सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. भगताकडे नेण्यात गेलेला एक तास परत मिळत नाही.

सर्वांत हळू चालणाऱ्या मावशीला पुढे ठेवावे आणि बाकीच्यांनी तिच्या चालीने चालावे. निघताना आणि परतताना माणसे मोजावीत. दुपारी तीनच्या आत खाली उतरावे. वाट दाखवायला तिथलाच एखादा ठाकर किंवा कातकरी बांधव घ्यावा आणि त्याची मजुरी ठरवून चोख द्यावी. लेण्यात मेणबत्ती-अगरबत्ती लावू नये. दगड काळा पडतो आणि मोहोळ असेल तर धुराने माशा उठतात. वंदना हात जोडूनही होते.

या सगळ्याचा खर्च माणशी रिक्षाभाडे आणि घरची भाकरी एवढाच. विहार कमिटीने येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे काढून तारीख ठरवावी, महिला मंडळाने नावे लिहून घ्यावीत आणि त्याच संध्याकाळपासून वस्तीभोवती अर्धा तास चालायला सुरुवात करावी. पहिल्या चालीला वीस माणसे आली तरी पुष्कळ झाली.