डिस्चार्जनंतरचे अठरा महिने

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. निकालाच्या दिवसांत या विषयावर चर्चा होते, शाळांत व्याख्याने होतात. ती व्हायलाच हवीत. पण ज्या मुलांना सर्वाधिक धोका आहे, त्यांतील अनेकांची नावे सरकारी रुग्णालयांच्या नोंदवहीत आधीच आलेली असतात.

ही मुले म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेली. आधीचा प्रयत्न हा पुढील धोक्याचा सर्वांत ठळक इशारा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी अशा अवस्थेत ग्रामीण रुग्णालयात आली की सलाइन लागते, पोलिसांना कळवले जाते, जबाब होतो. ‘चुकून झालं’ असे नातेवाईक सांगतात. प्रकृती सुधारली की तिला घरी सोडतात. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी जायचे, ते बहुधा नसते.

यात पोलिसांच्या भीतीचा वाटा मोठा आहे. वास्तविक मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. हे पालकांना खाटेशेजारीच सांगितले, तर खरे कारण लपवण्याची गरज उरणार नाही.

पाठपुराव्याचा उपयोग होतो का? चेन्नई, कोलंबोसह पाच शहरांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या अभ्यासात रुग्णांशी सुमारे तासभर बोलून पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा गृहभेटीने संपर्क ठेवला गेला. त्यांच्यात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ०.२ टक्के होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ते २.२ टक्के होते. हा अभ्यास केवळ किशोरवयीनांचा नव्हता, पण दिशा त्याने स्पष्ट दाखवली.

राज्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहेत, आशा सेविका आहेत. त्यांना जोडणारा धागा नाही. दहा ते एकोणीस वयोगटातील अशा कोणत्याही रुग्णाला समुपदेशनाशिवाय आणि पुढच्या भेटीच्या तारखेशिवाय घरी सोडू नये, असा आदेश राज्याने काढावा. नऊ फोन कोणी करायचे, हे प्रत्येक रुग्णालयात ठरलेले असावे. किती जणांशी संपर्क टिकला, याचा आढावा जिल्हा शल्यचिकित्सकांनी दरमहा घ्यावा.

मनुष्यबळ कमी आहे, हे खरेच. पण क्षयरोगाच्या रुग्णाने औषध सोडले तर त्याच्या घरापर्यंत जाणारी यंत्रणा याच मनुष्यबळातून उभी राहिली. येथे गुप्ततेचे भान मात्र अधिक हवे. गावात बोभाटा होऊ नये म्हणून आधी फोन करावा आणि घरभेट संमतीनेच द्यावी.

घरच्यांनीही पुढचे काही महिने औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवावीत, टोमणे टाळावेत आणि ‘पुन्हा तसे विचार येतात का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मूल बोलते होते. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास सुरू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. एकदा वाचलेले मूल पुन्हा एकटे पडू नये, एवढी जबाबदारी राज्याने घ्यायलाच हवी.