कार्बन नंतर, आधी लाकूड

नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात कुस्ती-कबड्डीला मैदान मिळते. टेबल टेनिसला एक बरे टेबल मिळाले तरी पुष्कळ. तरीही काही मुले चिकाटीने खेळतात, शालेय स्पर्धेत एकदोन फेऱ्या काढू लागतात, आणि मग घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, ‘पप्पा, या बॅटला स्पीडच नाही, नवे ब्लेड पाहिजे.’ वडील म्हणतात, ‘नाचता येईना, अंगण वाकडे.’ माझे म्हणणे स्पष्ट आहे. या वादात वडील पहिल्या बदलाच्या वेळी चुकतात आणि मुलगा दुसऱ्या बदलाच्या वेळी.

आधी वडिलांचा पक्ष घेऊ. हातात कसब असेल तर कोणतीही बॅट चालते, असे ते म्हणतात. ऐकायला हे बिनतोड वाटते, पण टेबल टेनिसला ते लागू पडत नाही. हा खेळ फिरकीचा आहे. चेंडू 2.7 ग्रॅमचा, त्याला नुसते मारायचे नसते, घासून उचलायचे असते. दुकानातल्या स्वस्त तयार बॅटचे रबर बहुधा कडक आणि गुळगुळीत असते. त्यावर बोट ओढून पाहा, ते सरळ घसरत जाते. चेंडूचेही तेच होते. मुलगा टॉपस्पिनसाठी मनगट बरोबर फिरवतो, चेंडू रबरावरून निसटतो आणि जाळीत जातो. दहा वेळा असे झाले की मूल शहाणपणाने घासणे सोडते आणि सपाट ठोकू लागते. चुकीची सवय हातात मुरते ती अशी. ती काढायला पुढे शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. शिवाय तयार बॅटचे रबर कारखान्यातच पक्के चिकटवलेले; झिजले तरी बदलायची सोय नाही. अशा बॅटवर अडलेल्या मुलाला म्हण ऐकवणे हा अन्याय आहे. तिथे अंगण खरोखरच वाकडे असते. म्हणून वेगळे ब्लेड, म्हणजे बॅटची लाकडी फळी, आणि त्यावर वेगळी रबरे, हा पहिला बदल लवकर व्हायलाच हवा.

आता मुलाचा पक्ष, म्हणजे दुसरा बदल. त्याला कोणतेही ब्लेड नको असते, कार्बनचे हवे असते. त्याची पहिली साक्ष मोठ्या खेळाडूंची. 2023 साली बालेवाडीत अल्टिमेट टेबल टेनिसचे सामने झाले, तिथे जे पाहिले तेच आपल्या हातात हवे, असे त्याला वाटते. पण कार्बन म्हणजे काय, ते नीट पाहू. नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच असावा लागतो, आणि कार्बनसारख्या तंतूचा एक थर 0.35 मिलिमीटरपेक्षा किंवा एकूण जाडीच्या 7.5 टक्क्यांपेक्षा जाड चालत नाही. एवढासा थर ब्लेड ताठ करतो. चेंडू कमी वेळ टेकतो आणि वेगाने सुटतो. ज्याचे पाय वेळेवर पोचतात आणि ज्याचा फटका रोज एकाच जागी लागतो, त्याला हा वेग फळतो. ज्याचा फटका अजून दर चेंडूला बदलतो, त्याची चूकही त्याच वेगाने टेबलाबाहेर जाते. शिवाय चेंडू नीट घासला गेला की नुसताच आदळला, हे तळहाताला कळेनासे होते. आणि शिकणाऱ्याचा खरा गुरू तोच स्पर्श असतो.

दुसरी साक्ष इतिहासाची, आणि ती आपल्याच राज्यातली आहे. 1952 साली जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. चेंडूचा आवाज येईना, वेग कळेना. नामांकित युरोपीय खेळाडू गोंधळले आणि सातो विश्वविजेता झाला. साहित्यानेच जिंकून दिले ना, असा प्रश्न येतो. त्या वर्षी साहित्याचा वाटा मोठा होता, हे मान्यच. पण पुढे काय झाले तेही सांगायला हवे. सातोला ते एकेरीचे जागतिक विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. 1954 आणि 1956 साली ते पटकावले इचिरो ओगिमुराने. स्पंज तोवर इतरांपर्यंतही पोचू लागला होता; ओगिमुराने त्याला पायांचा वेग आणि कठोर सराव यांची जोड दिली. 1959 साली बॅटच्या रबर-स्पंजवर जाडीची मर्यादाही आली. नव्या साहित्याचा धक्का एकदाच बसतो; टिकते ती त्यामागची तालीम.

तिसरा मुद्दा चेंडूचा, आणि तो खरा आहे. 2000 साली चेंडू 38 वरून 40 मिलिमीटरचा झाला, 2014 पासून प्लास्टिकचा आला. फिरकी आणि वेग दोन्ही कमी झाले. पण याची भरपाई वरच्या पातळीवर ब्लेडने करतात ती अंगातली ताकद संपल्यावर. आपल्या मुलांची कंबर आणि पाय अजून फटक्यात उतरलेलेच नसतात. तिथे भरपूर वेग शिल्लक आहे, आणि तो फुकट आहे.

खंडन पुरे, आता मी काय सुचवतो ते सांगतो. पहिले ब्लेड 5 प्लायचे, म्हणजे पाच थरांचे, निव्वळ लाकडाचे, ऑलराउंड किंवा ऑलराउंड-प्लस वेगाचे घ्यावे. वजन 85 ग्रॅमच्या आसपास असावे. त्यावर मध्यम स्पंजाची, पकड असलेली दोन रबरे लावावीत. नावाजलेले जपानी कार्बन ब्लेड दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते. वीस किलोच्या टोमॅटोच्या क्रेटला 150 रुपये मिळतात अशा दिवसांत 15,000 म्हणजे 100 क्रेट. चांगले लाकडी ब्लेड त्याच्या तिसऱ्या हिश्शात येते. उरलेले पैसे रबरांना, चेंडूंना आणि पुण्याच्या स्पर्धांच्या एसटी भाड्याला ठेवावेत. रोज खेळणाऱ्याचे रबर काही महिन्यांत मरते, आणि ‘ब्लेड संथ झाले’ ही तक्रार पुष्कळदा मेलेल्या रबराची असते. पावसाळ्यात माळशेज-भीमाशंकरकडच्या दमट हवेत रबर ओले होऊन चेंडू घसरतो, तोही ब्लेडचा दोष नव्हे. कोरड्या फडक्याने पुसत राहावे आणि बॅट बंद पिशवीत ठेवावी.

आणि एकदा घेतलेले ब्लेड दोन वर्षे तरी बदलू नये. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैल नामांकित असून भागत नाही, बारीत जोडी जमावी लागते. हाताची आणि ब्लेडची जोडीही तशीच जमते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीच्या सुवर्णानंतर छायाचित्रकारांच्या गर्दीत वांग चुचिनची बॅट मोडली. दुसऱ्याच दिवशी, राखीव बॅटने खेळताना, जगातला हा अव्वल खेळाडू एकेरीत हरला. हरण्याचे कारण केवळ बॅट होते, असे मी म्हणणार नाही. पण एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बाबतीतही बॅट बदलण्याची चर्चा जगभर होते, तर दर सहा महिन्यांनी ब्लेड बदलणाऱ्या शाळकरी मुलाचा हात बसणार कधी?

मग कार्बन कधीच नाही का? आहे, पण मागणी नेमकी हवी. नवी रबरे लावून, पाय-कंबर वापरूनही टेबलापासून मागे गेल्यावर टॉपस्पिन आखूडच पडतो, असे मुलगा स्वतः सांगू शकला, शिकवणाऱ्याने ते पाहिले आणि कुणाचे तरी कार्बन ब्लेड आठवडाभर वापरून फरक पडला, तर बेशक घ्यावे. ‘स्पीड नाही’ एवढ्या दोन शब्दांवर घेऊ नये.

क्रीडाशिक्षकांना एक विनंती आहे. आपल्या पट्ट्यात ब्लेड हातात धरून पाहण्याची सोय नसल्यातच जमा आहे. मुले व्हिडिओ पाहून ऑनलाइन मागवतात. शाळेच्या क्रीडासाहित्यात चांगल्या रबरांसह एक 5 प्लायचे लाकडी ब्लेड ठेवा आणि तयार बॅटवर अडलेल्या प्रत्येक मुलाला ते महिनाभर द्या. कुणाला काय लागते ते महिन्याभरात त्याच्या हातालाच कळेल, आणि वडिलांनाही पैसे कुठे घालायचे ते ठरवता येईल.