गंधकाची वकिली

जिंतूर रस्त्यावर असो की गंगाखेडला, ट्रकवाल्यांत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. नवं डिझेल पाण्यासारखं. जुन्यात गंधक होतं म्हणून पंपाला वंगण मिळायचं. तेव्हा अधूनमधून स्वस्तातलं ‘बायोडिझेल’ किंवा रॉकेल मिसळलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं. मुळात वंगण गंधकाचं नव्हतंच. रिफायनरीत गंधक काढताना वंगण देणारी इतर द्रव्यंही निघून जातात, एवढं खरं. पण ती उणीव भरून काढूनच डिझेल पंपावर येतं. वंगणाची चाचणी मानकातच आहे. रॉकेल तर डिझेलहून पातळ. ते कसलं वंगण देणार?

‘जुन्या गाड्या नाही का चालल्या?’ चालल्या, कारण त्यांच्या सायलेन्सरमध्ये खराब होण्यासारखं काही नव्हतं. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 ट्रकमध्ये उत्प्रेरक आहे, काजळी अडवणारा डीपीएफ आहे, युरियाची टाकी आहे. ही सारी यंत्रणा 10 पीपीएम गंधक गृहीत धरून बांधलेली. 300 लिटरच्या टाकीत तेवढं गंधक भरतं जेमतेम अडीच ग्रॅम. 500 पीपीएमचं तेल ओतलं, की तेच होतं 125 ग्रॅम. ते जळून उत्प्रेरकाच्या प्लॅटिनमवर बसतं, त्याची ताकद मारतं. मग काजळी नीट जळत नाही, डीपीएफ तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि उसाने भरलेली गाडी चढावर दम सोडते. पहिल्या टाकीला काही झालं नाही, याने काहीच सिद्ध होत नाही. हे साचत जाणारं दुखणं आहे.

परभणीकरांची दराची तक्रार मात्र सोळा आणे खरी. इंधन येतं थेट मनमाडजवळच्या पानेवाडीहून, त्या वाहतुकीचा बोजा आपल्यावर, म्हणून राज्यातलं सर्वांत महाग इंधन परभणीत, ही बातमी आपण कितीदा वाचली! त्यासाठी जिल्ह्याने भांडलंच पाहिजे, जवळ डेपो मागितला पाहिजे. भेसळ हा त्यावरचा उतारा नाही. मनमाडजवळच 25 जानेवारी 2011 रोजी तेलाची भेसळ रोखायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. दोन पैसे वाचवताना आपण कुणाचे खिसे भरतो, हे ट्रकमालकांनी विसरू नये.

पंपावर घनता जरूर तपासून मागा, तो तुमचा हक्क आहे. पण घनतेवरून गंधक कळत नाही. म्हणून मालकांनो, जो पावती देत नाही त्याच्याकडून एक लिटरही घेऊ नका, आणि तुमच्या ड्रायव्हरलाही घेऊ देऊ नका.