डोंगराची फेरी वर्षातून चार वेळा काढा

गावाला लागून असलेल्या डोंगरावर आपण शेवटचे कधी गेलो होतो? गुराखी, मेंढपाळ आणि जळणाला जाणाऱ्या बाया सोडून बाकीच्यांनी मनाशीच उत्तर द्यावे. यात्रेला गेलो ते धरू नका.

पाणलोटाचे काम 'माथा ते पायथा' करायचे, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. शिवारफेरीही निघते. पण ती बहुधा उन्हाळ्यात, आणि तीही जीप जाते तिथपर्यंत. मग पायथा डोळ्यांनी दिसतो आणि माथा कागदावरच राहतो. माझे म्हणणे साधे आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ग्रामसभा आपण घेतोच. त्या त्या आठवड्यात एक सकाळ डोंगरावर घालवा. चार तारखा म्हणजे चार हंगामच आहेत.

यासाठी कळसूबाईच चढायला हवी असे नाही. नाशिकजवळचा रामशेज घ्या. पेठ रस्त्यावरून आशेवाडीला जायचे, तिथून वाट सोपी. वयस्कर माणूसही बसतउठत वर पोहोचतो. हा एवढासा किल्ला १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना मिळाला नाही. शौर्य तर होतेच, पण वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, तीही बघा. पाण्यावाचून किल्ला लढत नाही. टाकी खोदणाऱ्याने आधी भर पावसात वर उभे राहून पाणी कुठून येते ते पाहिले असणार. आपण मात्र एप्रिलच्या उन्हात चराची जागा ठरवतो!

उन्हाळ्यात सगळेच चर चांगले दिसतात. साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल, टेप लावा, बरोबर भरेल. खरी परीक्षा ऑगस्टमध्ये. चर समपातळीत नसेल तर पाणी एका अंगाला गोळा होते, तिथे भराव फुटतो आणि माती अडवायला खोदलेल्या चरातूनच नवी घळ पडते. पाऊस उघडल्याबरोबर वर जा. कुठल्या ओघळाचे पाणी निवळ आहे आणि कुठले तांबडे, एवढे जरी पाहिले तरी पुढच्या वर्षीचे निम्मे काम ठरते. तांबडे पाणी म्हणजे कुणाची तरी माती चालली आहे.

याच फेरीत डोंगरउतारावर नव्या भेगा, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा दिसला तर फोटोत वेळ घालवू नका, तलाठी भाऊसाहेबांना आणि तहसीलला त्याच दिवशी कळवा, आणि खालच्या वस्तीला आधी सांगा. ३० जुलै २०१४ चे माळीण आणि १९ जुलै २०२३ चे इर्शाळवाडी आपण विसरलेलो नाही. डोंगराखाली राहणाऱ्या गावाने पावसाळ्यात डोंगराकडे पाठ करून चालत नाही.

ऑक्टोबरची फेरी मला सगळ्यात आवडते. सोनकी पिवळी झालेली असते, हवा स्वच्छ, आणि झरे बोलके असतात. काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये मुरमाचा किंवा तांबड्या मातीचा पट्टा लागतो, तिथे पाझर फुटतात का बघा. जिथे फुटतो तिथे चुन्याने खूण करा. जानेवारीत त्याच खुणेपाशी जा. ओल आहे की नाही, हे खालच्या विहिरीच्या मालकाला बरोबर नेऊन दाखवा.

जानेवारीत दुसरे काम जाळपट्ट्याचे. गवत जाळले की नवे जोमाने फुटते, ही समजूत अजून गावोगाव आहे. फुटते, नाही असे नाही, पण पवन्या-मारवेलसारख्या चांगल्या गवताचे पडलेले बी आणि लहान रोपे होरपळतात, उघडी पडलेली माती पहिल्याच वळवाला खाली येते. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, ते वेगळेच. जाळपट्टा वेळेत काढून ठेवला तर मार्चमध्ये रात्री फांद्या घेऊन धावावे लागत नाही.

कुणी म्हणेल, साहेब, पगारी माणसाला डोंगर सुचतात, आमची कांदा लागवड खोळंबली आहे. खरे आहे. म्हणून सगळ्या गावाने नको, दहा जण पुरेत. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, दोन-तीन शेतकरी, एक-दोन महिला सदस्य, आणि पुढे चालायला गुराखी. वाट त्याला माहीत असते आणि ओघळही. त्याने सांगितलेले इतिवृत्तात त्याच्या नावानिशी लिहा.

मे महिन्यात सहाला निघा, दहाच्या आत खाली या. दुपारी ढग चढू लागले की माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचे नाही. विजेची सूचना देणारे 'दामिनी' ॲप एकाच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या. ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या कातळावर रबरी स्लीपर घालून कुणी येऊ नये, आणि हातात काठी हवीच.